महाराजा दुलीपसिंग

महाराजा दुलीपसिंग (६ सप्टेंबर, १८३८ : लाहोर – २२ ऑक्टोबर, १८९३ : पॅरिस, फ्रान्स) हे शीख साम्राज्याचे शेवटचे महाराजा होते. ते महाराजा रणजितसिंग आणि महाराणी जिंदकौर (जिंदां) यांचे पुत्र. वयाच्या पाचव्या वर्षी ते लाहोरच्या गादीवर बसले आणि दहाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने त्यांचे राज्य खालसा केले. इंग्रज पालकाच्या देखरेखीखाली वाढताना त्यांनी किशोरवयातच केस कापले व ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १८८६ मध्ये एडन येथे त्यांनी पुन्हा शीख दीक्षा घेतली. त्यांच्या मातेची समाधी साठ वर्षे नाशिक येथे होती.

शीख परंपरेत केसांचे स्थान

दुलीपसिंग यांनी केस कापले याला एवढे महत्त्व का दिले जाते, हे समजण्यासाठी खालसा पंथाची परंपरा ध्यानात घ्यावी लागते. गुरू गोविंदसिंग यांनी १६९९ मध्ये आनंदपूर येथे खालसा पंथाची स्थापना केली. दीक्षित शिखाने केस, कंगा, कडा, कच्छा आणि किरपाण ही पाच चिन्हे धारण करावयाची असतात. त्यांपैकी चार अंगावर वागवण्याच्या वस्तू आहेत. केस मात्र देहाचाच भाग आहेत. हरवलेला कडा दुसऱ्या दिवशी नवा घेता येतो, कापलेल्या केसांना वर्षे जावी लागतात. दीक्षित शिखाने केस कापणे ही पंथाच्या आचारसंहितेत गंभीर मर्यादाभंगाची गोष्ट मानली जाते आणि तसे करणाऱ्यास पतित म्हणतात. पतितास पुन्हा दीक्षा घेऊन पंथात परतता येते.

गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान १७०८ मध्ये नांदेड येथे झाले. तेथील तख्त सचखंड श्री हजूर साहिबची इमारत रणजितसिंगांनी बांधवून घेतली. ज्या राजाने गुरूंच्या अखेरच्या स्थानी वास्तू उभारली, त्याच्याच पुत्राने केस उतरवले, हे पंजाबातील शिखांच्या मनाला अधिकच लागले असणार.

बालपण आणि राज्यनाश

रणजितसिंगांचे १८३९ मध्ये निधन झाले तेव्हा दुलीपसिंग तान्हे होते. पुढील चार वर्षांत लाहोर दरबारात एकामागून एक खून पडले. सप्टेंबर १८४३ मध्ये महाराजा शेरसिंग मारले गेले आणि पाच वर्षांच्या दुलीपसिंगांना गादीवर बसवण्यात आले. राज्यकारभार मातेच्या हाती आला. पहिल्या इंग्रज-शीख युद्धातील (१८४५-४६) पराभवानंतर लाहोरचा आणि त्याच वर्षअखेरीस भैरोवालचा तह झाला. सत्ता ब्रिटिश रेसिडेंटच्या नियंत्रणाखालील मंडळाकडे गेली.

ऑगस्ट १८४७ मध्ये भर दरबारात एक प्रसंग घडला. इंग्रजांच्या मर्जीतील सरदार तेजसिंग यांना राजा ही पदवी देण्यात येणार होती. त्यांच्या कपाळी तिलक लावण्याची वेळ आली तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या महाराजांनी हात आवरून घेतला. हा नकार आईने पढवलेला आहे, असे रेसिडेंटने ठरवले. काही दिवसांतच जिंदकौर यांना मुलापासून तोडून शेखुपुरा येथे आणि पुढे पंजाबबाहेर हलवण्यात आले. चुनारच्या किल्ल्यातून निसटून त्या १८४९ मध्ये नेपाळला पोहोचल्या. मायलेकरांची पुन्हा गाठ पडण्यास तेरा वर्षांहून अधिक काळ लागला.

दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धानंतर २९ मार्च १८४९ रोजी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी पंजाब खालसा केला. आदल्याच वर्षी त्यांनी साताऱ्याचे राज्य बुडवले होते. दहा वर्षांच्या महाराजांनी राज्यावरील हक्क सोडला, कोहिनूर हिरा इंग्लंडच्या राणीस दिला आणि त्या बदल्यात वर्षाला चार ते पाच लाख रुपयांचे निवृत्तिवेतन मान्य केले, असे कागदोपत्री नोंदले गेले. त्यांनी कोठे राहावयाचे हे गव्हर्नर जनरलने ठरवावयाचे होते. या वयाच्या मुलाच्या संमतीला काय अर्थ होता, हा प्रश्न त्यांनी स्वतःच पुढे उपस्थित केला.

फतेहगढ

महाराजांचे पालक म्हणून बंगाल सैन्यातील डॉक्टर जॉन स्पेन्सर लॉगिन यांची नेमणूक झाली. लॉगिन हे मूळचे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांचे. त्यांनी मुलाला मायेने वागवले, याविषयी फारसा वाद नाही. महाराजांना गंगाकाठी, फर्रुखाबादजवळील फतेहगढ येथे ठेवण्यात आले. गावात अमेरिकन मिशनऱ्यांचे मोठे ठाणे होते. शेरसिंगांचा लहान मुलगा शिवदेवसिंग हाही तेथे होता, मात्र त्याची आई त्याच्याबरोबर होती. दुलीपसिंगांच्या जवळ रक्ताचे मोठे माणूस कोणी नव्हते. लहानपणापासूनचा सेवक मियाँ खीमा पंजाबात परतला आणि त्याच्या जागी भजनलाल हा मिशनच्या शाळेत शिकलेला ब्राह्मण तरुण आला. खेळण्यास टॉमी स्कॉटसारखे इंग्रज अधिकाऱ्यांचे मुलगे होते.

इंग्रजी शिकताना पाठ्यपुस्तकातील ख्रिस्ती धर्माविषयीचे धडे महाराजांच्या वाचनात आले. नंतर ते भजनलालकडून बायबल वाचून घेऊ लागले. डिसेंबर १८५० मध्ये, बारा वर्षांचे असताना, त्यांनी ख्रिस्ती होण्याची इच्छा बोलून दाखवली. कंपनी सरकार सावध झाले. मुलावर दडपण आणले असा आरोप येऊ नये म्हणून भजनलाल व इतरांचे जबाब घेण्यात आले, आणि ही इच्छा महाराजांची स्वतःची आहे असा निष्कर्ष काढून प्रकरण पुढे गेले. डलहौसी यांनी मात्र खाजगी पत्रात या घटनेचा राजकीय लाभ स्पष्टपणे ओळखला होता: मुलगा ख्रिस्ती झाला की पंजाबात त्याचे वजन कायमचे संपणार होते.

केस कापण्याचा निर्णय

धर्मांतराची इच्छा व्यक्त केल्यानंतर महाराजांनी केस कापण्याची परवानगी मागितली. इंग्रज सोबत्यांपेक्षा आपण वेगळे दिसू नये, ही त्यामागची एक भावना होती. लॉगिन यांनी ही मागणी तत्काळ मान्य केली नाही. केस गेल्यावर शीख समाजाकडे परतीची वाट अवघड होईल, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून मुलाने पुरता विचार करावा यासाठी त्यांनी त्याला थांबावयास लावले. मुलाचा आग्रह टिकून राहिला आणि अखेर केस कापले गेले. ते स्त्रीच्या केसांसारखे लांब व दाट होते, असे लॉगिन यांच्या पत्नीच्या आठवणींत नमूद आहे. कापलेले केस महाराजांनी त्यांनाच भेट म्हणून दिले.

या घटनेविषयीची उपलब्ध माहिती जवळजवळ सगळी पालकाच्या घरातून आलेली आहे. तिच्यानुसार निर्णय मुलाचाच होता, आणि शब्दशः पाहता ते खरेही असावे. परंतु निवड करताना त्याच्यासमोर कोणते पर्याय जिवंत स्वरूपात होते, हेही पाहावे लागते. आई परमुलखात होती, मातृभूमीत जाण्यास मनाई होती, ग्रंथ वाचून अर्थ सांगणारे कोणी आप्त जवळ नव्हते आणि ज्यांची शाबासकी हवीशी वाटे ती सारी माणसे ख्रिस्ती होती. मराठ्यांच्या इतिहासातील एक उदाहरण येथे आठवते. शाहू महाराज १६८९ ते १७०७ अशी अठरा वर्षे मोगलांच्या कैदेत वाढले, तरी त्यांनी आपला धर्म सोडला नाही. मात्र कैदेत त्यांच्याजवळ मातोश्री येसूबाई होत्या. जिंदकौर यांना मुलापासून दूर करण्याचा निर्णय या दृष्टीने कोहिनूर घेण्याइतकाच परिणामकारक ठरला.

८ मार्च १८५३ रोजी फतेहगढ येथे चौदा वर्षांच्या महाराजांचा बाप्तिस्मा झाला. विधीसाठी गंगेचे पाणी वापरण्यात आले.

इंग्लंडमधील वास्तव्य

१८५४ मध्ये महाराज इंग्लंडला गेले. राणी व्हिक्टोरियाचा त्यांच्यावर लोभ जडला. राणीच्या इच्छेवरून चित्रकार विंटरहाल्टर यांनी बकिंगहॅम राजवाड्यात त्यांचे पूर्णाकृती चित्र रंगवले. त्यात ते रत्नजडित फेटा, दागिने आणि तलवार अशा पंजाबी राजवेषात उभे आहेत. पाहणाऱ्यास शीख राजाच दिसतो; फेट्याखालचे केस मात्र केव्हाच गेले होते. राजवाड्यातील याच बैठकींच्या वेळी राणीने नव्याने पैलू पाडलेला कोहिनूर त्यांच्या हाती दिला आणि त्यांनी तो तिला स्वहस्ते परत केला.

पुढे त्यांनी सफकमधील एल्व्हेडनची विस्तीर्ण जहागीर घेतली, वाड्याचा अंतर्भाग लाहोरच्या थाटात सजवला आणि उत्तम नेमबाज म्हणून लौकिक मिळवला.

मातेची भेट आणि नाशिक

जानेवारी १८६१ मध्ये कलकत्त्याच्या स्पेन्सेस हॉटेलमध्ये मायलेकरांची भेट झाली. जिंदकौर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांनी मुलाला चाचपून पाहिले आणि डोक्यावर केस नाहीत हे कळताच आक्रोश केला, अशी कथा पंजाबात सांगितली जाते. याच सुमारास चीनमधील युद्धावरून परतणारे शीख सैनिक कलकत्त्यात होते. महाराज आल्याची वार्ता लागताच ते हॉटेलभोवती जमून जयघोष करू लागले. केस नसलेल्या, ख्रिस्ती झालेल्या राजालाही शीख शिपाई आपला मानतात, हे पाहून सरकार अस्वस्थ झाले आणि महाराज मातेसह इंग्लंडला परतले.

जिंदकौर यांचे लंडनमध्ये १ ऑगस्ट १८६३ रोजी निधन झाले. लाहोरला आपले दहन व्हावे अशी त्यांची इच्छा होती. दुलीपसिंगांना पंजाबात जाण्याची परवानगी मिळाली नाही. देह काही महिने लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत ठेवून १८६४ मध्ये मुंबई इलाख्यात आणण्यात आला. ख्रिस्ती पुत्राने मातेचे दहन शीख रीतीने करविले आणि नाशिक येथे गोदावरीच्या पंचवटीकडील बाजूस तिची लहानशी समाधी बांधली. या समाधीची व्यवस्था कपूरथळा संस्थानाकडे होती. १९२४ मध्ये दुलीपसिंगांची ज्येष्ठ कन्या बांबा यांनी तेथील अवशेष लाहोरला नेऊन रणजितसिंगांच्या समाधिस्थानी ठेवले.

इंग्लंडला परतताना जून १८६४ मध्ये महाराजांनी अलेक्झांड्रिया येथे बांबा म्युलर यांच्याशी विवाह केला. त्यांच्या अपत्यांपैकी सोफिया ही पुढे ब्रिटनमधील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत प्रसिद्धीस आली.

पुन्हा खालसा पंथात

आईच्या सहवासात महाराजांना आपल्या खाजगी मिळकतींची व गमावलेल्या राज्याची हकीकत नव्याने कळली होती. वाढता खर्च आणि अपुरे निवृत्तिवेतन यांमुळे सरकारशी वाद पेटला. १८८४ मध्ये त्यांचे नातलग ठाकूरसिंग संधानवालिया इंग्लंडला आले. त्यांच्या सान्निध्यात महाराजांना पूर्वजांच्या धर्माची ओळख पटू लागली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाला जे मार्गदर्शन मिळाले, ते बाराव्या वर्षी मिळाले असते तर काय घडले असते, हा केवळ तर्काचा विषय आहे.

३१ मार्च १८८६ रोजी ते कुटुंबासह हिंदुस्थानकडे निघाले. २१ एप्रिलला एडन येथे त्यांना अडवण्यात आले. कुटुंब इंग्लंडला परतले. महाराज मात्र तेथेच राहिले आणि २५ मे १८८६ रोजी पाच शिखांच्या उपस्थितीत त्यांनी पाहुल, म्हणजे खालसा दीक्षा घेतली. पंथाच्या दृष्टीने ते पुन्हा शीख झाले. पंजाबचे दार मात्र उघडले नाही.

अखेरची वर्षे

एडनहून महाराज पॅरिसला गेले. निवृत्तिवेतन झुगारून त्यांनी शिखांचे सार्वभौम राजे या नात्याने जाहीरनामे काढले. १८८७ मध्ये पॅट्रिक केसी या आयरिश क्रांतिकारकाच्या नावाच्या पारपत्रावर ते रशियात शिरले. झारच्या मदतीने पंजाब सोडवण्याची ही योजना काही महिन्यांत कोलमडली. त्याच वर्षी पत्नी बांबा यांचे इंग्लंडमध्ये आणि ठाकूरसिंग यांचे पाँडिचेरी येथे निधन झाले. १८८९ मध्ये त्यांनी एडा वेदरिल यांच्याशी दुसरा विवाह केला.

१८९० मध्ये महाराजांना पक्षाघात झाला. त्यांनी क्षमायाचना केली आणि मार्च १८९१ मध्ये दक्षिण फ्रान्समधील ग्रास येथे राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली. ते पार टकले व पांढरे झाल्याची नोंद राणीने आपल्या रोजनिशीत केली आहे.

२२ ऑक्टोबर १८९३ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा देह एल्व्हेडनला आणून पत्नी बांबा आणि त्याच वर्षी वारलेला धाकटा मुलगा एडवर्ड यांच्या शेजारी ख्रिस्ती विधीने पुरण्यात आला. त्यांच्या कोणत्याही अपत्यास संतती झाली नाही. एल्व्हेडनजवळील थेटफर्ड येथे १९९९ मध्ये त्यांचा अश्वारूढ पुतळा उभारण्यात आला असून त्याच्या मस्तकी फेटा आहे.