साचलेपणाची कोंडी फुटली तेव्हा

मलेरिया डासांमुळे होतो, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र दलदलीतून उठणारी दूषित हवा हेच त्याचे कारण मानले जाई. हा समज खोडून काढणारा माणूस नोकरीला कंटाळलेला, वरिष्ठांवर नाराज आणि आपण वाया गेलो अशा भावनेने ग्रासलेला लष्करी डॉक्टर होता. त्याचे नाव रोनाल्ड रॉस.

रॉस यांचा जन्म 13 मे 1857 रोजी अल्मोडा येथे झाला. वडील ब्रिटिश फौजेत अधिकारी होते. मुलाला लेखक किंवा चित्रकार व्हायचे होते, पण वडिलांच्या आग्रहाखातर तो लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला. अभ्यासात मन नव्हतेच. एका परीक्षेत नापास झाल्यावर काही काळ त्यांनी जहाजावर डॉक्टरकी केली. 1881 मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले, तेही यादीतल्या खालच्या क्रमांकाने. त्यामुळे फारशी मागणी नसलेला मद्रास इलाखा त्यांच्या वाट्याला आला.

लष्करी छावणीतल्या डॉक्टरला शांततेच्या काळात फारसे काम नसे. सकाळी दोन-तीन तासांत रुग्ण तपासून झाले की दिवस मोकळा. रॉस यांनी कविता, नाटके आणि कादंबऱ्या लिहिल्या, पण त्यांची फारशी कोणी दखल घेतली नाही. गणिताची पुस्तके मिळवून ते स्वतःच शिकत बसले. वर्षे सरत होती आणि हाती ठोस असे काही लागत नव्हते.

पहिला बदल त्यांनी स्वतःच घडवला. 1888 मध्ये रजेवर इंग्लंडला गेले असता त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदविका मिळवली आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे प्रशिक्षण घेतले. नवे कौशल्य हाती आले, पण ते कुठे वापरायचे हे उमगले नव्हते. फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांनी 1880 मध्येच मलेरियाचा परजीवी शोधला होता. रॉस यांना मात्र तो रक्तात दिसेना, म्हणून त्यांनी त्याच्या अस्तित्वावरच शंका घेतली.

खरी कलाटणी 1894 मध्ये मिळाली. लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली हा परजीवी दाखवला. हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींची वाढ डासाच्या शरीरात होते, हे मॅन्सन यांनी चीनमध्ये असताना सिद्ध केले होते. मलेरियाचेही तसेच असावे, हा त्यांचा तर्क. वयाच्या सदतिसाव्या वर्षी रॉस यांना पाठपुरावा करण्याजोगा एक नेमका प्रश्न मिळाला, आणि त्यावर ज्याच्याशी मोकळेपणी बोलता येईल असा ज्येष्ठ सहकारीही. पुढच्या चार वर्षांत त्यांनी मॅन्सन यांना शंभराहून अधिक पत्रे लिहिली.

1895 मध्ये मुंबईच्या बंदरात उतरताच रॉस मलेरियाच्या रुग्णांच्या शोधात रुग्णालयात गेले. पुढे सिकंदराबादला नेमणूक झाली आणि काम सुरू झाले. तरीही तब्बल दोन वर्षे अपयशच आले. ते राखाडी आणि पट्टेदार डास चिरत होते. मलेरिया पसरवणारे डास वेगळेच होते. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, हा मॅन्सन यांचा अंदाजही चुकीचा होता. मध्येच कॉलऱ्याच्या साथीसाठी बंगळुरूला बदली झाली. पुढे उटीच्या परिसरात संशोधन करताना रॉस स्वतः मलेरियाने आजारी पडले.

1897 च्या ऑगस्टमध्ये त्यांना ठिपकेदार पंखांचे, तपकिरी रंगाचे डास मिळाले. हुसेन खान या रुग्णाला दर डासामागे एक आणा देऊन त्यांनी ते डास चाववून घेतले. प्रचंड उकाडा होता. वाऱ्याने डास उडून जातील म्हणून पंखा बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. 20 ऑगस्टला उरल्यासुरल्या डासांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत त्यांना गोल पेशी दिसल्या. त्यांच्यात मलेरियाच्या परजीवीत आढळणारे काळे कण होते. तो डास अ‍ॅनोफिलिस जातीचा होता.

आता मार्ग मोकळा, असे वाटत असतानाच त्यांची बदली रजपुतान्यातल्या खेरवाडा येथे झाली. तिथे मलेरियाचे रुग्ण जवळपास नव्हतेच. रॉस संतापले, राजीनाम्याची भाषा बोलू लागले. मॅन्सन यांनी लंडनमधून खटपट केली आणि 1898 च्या सुरुवातीला रॉस कलकत्त्याला पोहोचले. तिथे त्यांनी पक्ष्यांना होणाऱ्या मलेरियाचा अभ्यास सुरू केला. जुलैमध्ये परजीवी डासाच्या लाळग्रंथीत सापडले. असे डास चावल्यावर निरोगी चिमण्यांना रोग झाला आणि संसर्गाचे वर्तुळ पूर्ण झाले. माणसाच्या मलेरियाबाबत हेच इटलीच्या ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दाखवून दिले. 1902 मध्ये रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यशाने त्यांचा स्वभाव बदलला नाही. श्रेयावरून ग्रासी यांच्याशी झालेला वाद त्यांनी वर्षानुवर्षे ताणला. सरकारने आपली कदर केली नाही, ही तक्रारही कायम राहिली. छावणीतल्या रिकाम्या दिवसांत शिकलेले गणित मात्र उपयोगी पडले. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी मलेरिया ओसरतो, प्रत्येक डास मारण्याची गरज नसते, हे त्यांनी समीकरणांनी मांडले. साथीच्या आजारांच्या आजच्या गणिती अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

16 सप्टेंबर 1932 रोजी रॉस यांचे निधन झाले. तेरा वर्षे अडकून पडलेल्या या माणसाने नोकरी सोडली नाही, की त्याचा स्वभावही पालटला नाही. त्याने नवे कौशल्य शिकून घेतले, जाणत्याचा हात धरला आणि दोन वर्षे उत्तर सापडले नाही तेव्हा प्रश्न न टाकता डास बदलून पाहिले. 20 ऑगस्ट हा दिवस आज जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी घराभोवतीचे साचलेले पाणी ओतून टाकणे, हे रॉस यांच्या कामाचे सर्वांत सोपे स्मरण ठरेल.