बेचाळीस मीटरवरचा आवाज

उषा मेहता हे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. माझ्या मनात ते नव्याने ठसले ते यंदा, हौशी रेडिओमुळे. मधल्या काळात मागे पडलेला हा छंद मी पुन्हा हाती घेतला आणि नाशिकला घराच्या गच्चीवर सुमारे २० मीटर तार ताणून छोटेसे केंद्र उभारले. एवढी तार ४० मीटरच्या पट्ट्याला लागते. उषाबेनचे गुप्त केंद्र ४२.३४ मीटरवर बोलत असे. ती जागा याच पट्ट्यात येते, हे कळले आणि मी त्यांचे चरित्र मिळवून वाचले.

त्यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस गावी झाला. वडील इंग्रज अमदानीतले न्यायाधीश. १९३२ मध्ये कुटुंब मुंबईस आले. १९३९ मध्ये विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या व कायदा शिकू लागल्या. ९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजी आणि इतर पुढारी पकडले गेले, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, तेव्हा त्या अवघ्या २२ वर्षांच्या होत्या. त्यांनी अभ्यास सोडला.

लोकांपर्यंत खरी बातमी पोचवायची कशी? महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये सरकारने हौशी परवाने रद्द करून प्रक्षेपक जमा करण्याचे हुकूम काढले होते. तरीही बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आदी सहकाऱ्यांसह उषाबेननी नरिमन प्रिंटर या जुन्या हौशी तंत्रज्ञाकडून यंत्र जुळवून घेतले. ऑगस्टअखेर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. चितगावची बॉम्बफेक, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भातील आष्टी-चिमूरचे अत्याचार या दडपलेल्या बातम्या त्यावरून ऐकू आल्या. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांचे साहाय्य होते.

प्रक्षेपक बोलू लागला की तो स्वतःचा पत्ताही सांगत असतो. फिरत्या चौकटी अँटेनाने दोन ठिकाणांहून दिशा मोजल्या की त्या रेषा जेथे छेदतात तेथे केंद्र सापडते. म्हणून चौपाटी, वाळकेश्वर, गिरगाव अशी बिऱ्हाडे बदलावी लागत. माझी तार एकदा बांधली ती बांधली. दर थोड्या दिवसांनी ती उतरवून, पोलिसांची नजर चुकवून दुसऱ्या घरी न्यायची, हे काम काय असेल याची कल्पना मला आता येते.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्रावर छापा घातला. पुढे सहा महिने उषाबेनची चौकशी चालली. परदेशी शिक्षणाचे आमिषही दाखवले गेले. त्यांनी सहकाऱ्यांविषयी चकार शब्द काढला नाही, न्यायालयातही नाही. चार वर्षांची शिक्षा झाली आणि येरवड्याहून १९४६ मध्ये सुटका झाली. पुढे गांधीविचारावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली, मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवले. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्या गेल्या.

आज परीक्षा दिली की परवाना मिळतो, पण हौशी केंद्रावरून राजकारण बोलण्यास वा बातम्या प्रसारित करण्यास मनाई आहे. हा नियम मी पाळतो आणि तो योग्यही मानतो. तरी एक प्रश्न उरतोच. उषाबेन जेमतेम तीन महिने बोलल्या, आणि ज्यांच्या बळावर बोलल्या त्यांच्यासाठी पुढे गप्प राहिल्या. आपल्यापैकी किती जणांना ही दोन्ही कामे साधतील?