डॉ. द्वारकानाथ कोटणीस

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म आपल्या सोलापूर शहरीं १० ऑक्टोबर १९१० रोजीं झाला. मुंबईच्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत शिक्षण घेऊन, १९३८ सालीं राष्ट्रसभेनें चीन देशीं धाडलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांत ते सामील झाले. तेथें जपानशीं युद्ध पेटलें होतें. वडील निवर्तल्याची वार्ता त्यांस तिकडेच कळली; तरी जखमींस सोडून ते परतले नाहींत.

औषधें व उपकरणें यांची तेथें सदाच टंचाई. अशा ठिकाणीं शस्त्रक्रियेनंतर रोगी वांचणें हें बव्हंशीं शुश्रूषेवरच अवलंबून असे. १९४१ सालीं ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि त्याच वर्षीं परिचर्या शिकविणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशीं त्यांनीं विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, अपस्मारानें त्यांचा अंत झाला.

आज रोग्याची नाडी व श्वास यंत्राच्या पडद्यावर दिसतात, नोंदी संगणकांत राहतात. हें मोठेंच साहाय्य होय. परंतु यंत्र केवळ सूचना देतें. ती ऐकून रात्रीं उठून उशाशीं जाणारें माणूसच असतें. कोटणीसांचें चरित्र आपणांस हेंच शिकवितें.