ताठ मानेचा शायर

मराठीत शायरी कशी होणार, असा प्रश्न एकेकाळी काव्याचे जाणकारही गंभीरपणे विचारीत. प्रेमाची ती नजाकत, शब्दांचा तो लडिवाळपणा आणि दोन ओळींत काळजाला हात घालण्याची ती किमया उर्दूलाच साधते; मराठी ही रोखठोक भाषा, तिने आपली ओवी आणि लावणी सांभाळावी, अशी समजूत होती. या समजुतीला यवतमाळच्या एका वकिलाने आपल्या शायरीनेच उत्तर दिले. ते वकील म्हणजे वासुदेव वामन उर्फ भाऊसाहेब पाटणकर.

भाऊसाहेबांचा जन्म २९ डिसेंबर १९०८ रोजी झाला आणि २० जून १९९७ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. ८८ वर्षांच्या या दीर्घ आयुष्यात त्यांनी वकिली केली, नामांकित शिकारी म्हणून लौकिक मिळविला आणि शायर म्हणून महाराष्ट्राच्या मैफली जिंकल्या. ‘मराठी शायरी’, ‘मराठी मुशायरा’, ‘मैफिल’, ‘दोस्तहो’ आणि ‘जिंदादिल’ ही त्यांच्या पुस्तकांची नावेच त्यांच्या स्वभावाची ओळख करून देतात. यातले शेवटचे नाव तर पुढे त्यांचे विशेषणच होऊन बसले. आजही वऱ्हाडात जिंदादिल शायर म्हटले की, दुसरे नाव सांगावे लागत नाही.

वऱ्हाडातली उर्दू

यवतमाळसारख्या ठिकाणी मराठी शायरीचे रोप रुजावे, यात योगायोगापेक्षा इतिहासाचा भाग अधिक आहे. वऱ्हाड हा प्रांत दीर्घकाळ निजामाच्या अमलाखाली होता. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. तोवर वणी जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागाला १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळाले. त्यानंतर तीनच वर्षांनी भाऊसाहेबांचा जन्म झाला. राज्यकर्ते बदलले, तरी बोलीतले शब्द बदलत नाहीत. फिर्याद, कैफियत, जामीन, मुचलका हे शब्द वऱ्हाडच्या कचेऱ्यांत रोजच्या वापरातले होते. अमरावती, अचलपूर, बाळापूर या गावांतून उर्दू ही शेजाऱ्याची भाषा होती. ज्या माणसाचा दिवस न्यायालयात जातो, त्याच्या कानाला या भाषेची लय परकी वाटण्याचे कारण नव्हते.

दुसरीकडे संस्कृत काव्याचाही त्यांच्यावर संस्कार होता. उर्दूतला शेर आणि संस्कृतातले सुभाषित यांचे गोत्र वेगळे असले, तरी रीत सारखी आहे. थोडक्यात बोलायचे आणि बोलणे संपल्यावरही ऐकणाऱ्याच्या मनात ते रेंगाळत ठेवायचे. भर्तृहरीने शृंगार, नीती आणि वैराग्य यांची तीन शतके याच रीतीने रचली आणि वामन पंडितांनी ती मराठीत आणली. त्याही आधी सातवाहन राजा हाल याने महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा ‘गाथासप्तशती’त एकत्र केल्या. त्यातल्या बहुतेक प्रेमाच्याच आहेत आणि प्रत्येक गाथा दोन ओळींची आहे. प्रेमावर दोन ओळींत बोलण्याची परंपरा या मातीला नवी नव्हती. मधल्या काळात तिचा विसर पडला होता, एवढेच.

भाऊसाहेबांच्या आधी माधव जूलियन यांनी फारसी वृत्ते आणि गझल मराठीत आणण्याचा मोठा उद्योग केला होता. १९३३ मध्ये त्यांचा ‘गज्जलांजलि’ हा संग्रह आला. मात्र, जूलियन हे फारसीचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या प्रयोगांना व्यासंगाची बैठक होती. भाऊसाहेबांचा रस्ता निराळा होता. त्यांना एखादा काव्यप्रकार मराठीत आणून बसवायचा नव्हता. उर्दू मैफलीत ऐकणाऱ्यांना होणारा आनंद त्यांना मराठी माणसाला त्याच्याच भाषेत द्यायचा होता. म्हणूनच त्यांच्या शायरीत उर्दूचा साज उसना आणलेला दिसत नाही. इश्क, मस्ती, दोस्त असे मराठीत मुरलेले शब्द तेवढे येतात. बाकी सारा संसार मराठी आहे. स्वर्ग-नरक आहेत ते आपल्या पुराणांतले, कैलास आहे तो शंकराचा आणि मरणाची थट्टा आहे ती आपल्याकडच्या अंत्यविधीच्या रीतीभातींची.

रान आणि न्यायालय

यवतमाळ जिल्हा हा पैनगंगा आणि वर्धा या नद्यांमधला, सागवानी रानांचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापूर्वी शिकार हा प्रतिष्ठितांचा शौक मानला जाई. आजच्या दृष्टीने त्या शौकाचे कौतुक करणे कठीण आहे. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वरचे रान पुढे अभयारण्य झाले आणि आता तिथे लोक वाघ पाहण्यासाठी जातात. पण भाऊसाहेबांच्या शायरीचा विचार करताना त्यांच्यातला शिकारी बाजूला ठेवता येत नाही. मचाणावर रात्र काढणाऱ्याला दोन गोष्टी शिकाव्या लागतात. निमूटपणे वाट पाहणे आणि क्षण आला की, न चुकणे.

शेराची रचनाही नेमकी अशीच असते. पहिली ओळ म्हणायची, ती पुन्हा म्हणायची, ऐकणाऱ्याला एका दिशेने नेऊन उभे करायचे आणि दुसऱ्या ओळीत भलत्याच बाजूने वार करायचा. दुसरी ओळ आधीच ओळखता आली, तर शेर फसला. वकिलाचा युक्तिवादही काहीसा असाच असतो. आधी समोरच्याचे म्हणणे मान्य केल्यासारखे दाखवायचे आणि शेवटी त्याच्याच म्हणण्यातून आपला निष्कर्ष काढायचा. भाऊसाहेबांच्या कित्येक रचनांत आरोपी, साक्षीदार आणि वकील हे तिघेही शायरच आहे, असे वाटावे इतका हा युक्तिवादाचा बाज स्पष्ट आहे.

इश्कातला स्वाभिमान

प्रेम हा शायरीचा प्राण. पण भाऊसाहेबांचे प्रेम रूढ शायरीपासून एका बाबतीत अगदी वेगळे आहे. उर्दूच्या जुन्या संकेतानुसार आशिक हा कायम हरलेला असतो. प्रेयसीच्या दाराशी तो पडून राहतो, तिचा अव्हेर सोसतो, तिच्या गल्लीत अपमानित होण्यातही त्याला धन्यता वाटते. मराठीतही विरहाने झुरणारी नायिका लावणीने रंगविली आणि भावगीतांनी अश्रूंना राज्य दिले. भाऊसाहेबांनी या दोन्ही वाटा टाळल्या.

त्यांचा प्रेमिक सौंदर्यावर लुब्ध आहे आणि ते तो लपवीत नाही. भुंग्याची उपमा त्याला मान्य आहे. मात्र, फुलानेच हसून बोलावले नाही, तर त्या बागेत पाऊल टाकणे त्याच्या स्वभावात बसत नाही. प्रेम मागून मिळवायचे नसते, ते मिळाले तर डोक्यावर घ्यायचे आणि नाही मिळाले, तर मान खाली न घालता निघून जायचे, हा भाऊसाहेबांच्या इश्काचा कायदा आहे. तो रडत नाही, असे नाही. पण आपले रडणे तो प्रदर्शनात मांडत नाही. दुःखाचा उल्लेख झाला की, पुढच्याच ओळीत तो स्वतःची थट्टा करतो. ऐकणारा हसतो आणि हसता हसता त्याला उमगते की, हा माणूस खरोखरीच दुखावला गेला आहे.

हा विनोद म्हणजे भाऊसाहेबांच्या शायरीचे सर्वांत मोठे बळ आहे आणि तिच्यावर अन्याय झाला तोही त्यामुळेच. हसविणाऱ्याला गंभीर कवींच्या पंगतीत बसवायला मराठी समीक्षा नेहमीच बिचकत आली. टाळ्या मिळविणारी रचना म्हणजे हलकी रचना, असा एक सोपा हिशेब असतो. भाऊसाहेबांच्या बाबतीत तो चुकीचा ठरतो. त्यांच्या शायरीत इश्काच्या बरोबरीने येणारा दुसरा विषय म्हणजे मृत्यू. या दोन्हींपुढे माणूस सहसा वाकतो आणि नेमक्या या दोन ठिकाणी भाऊसाहेब ताठ उभे राहतात. मेल्यावरही जगाला चकविण्याची हौस बाळगणारा, स्वतःच्या अंत्ययात्रेकडे त्रयस्थासारखा पाहून मिस्कील शेरा मारणारा त्यांचा शायर हा केवळ गमत्या नाही. ज्याने याचना नाकारली, त्याला प्रेमाचीही भीती उरत नाही आणि मरणाचीही, असे त्याचे साधे तत्त्वज्ञान आहे.

आजच्या वाचकाला, विशेषतः वाचक स्त्रीला, या शायरीत एक उणीव जाणवेल. इथे बोलतो तो पुरुष. जिच्यावर प्रेम केले, तिची बाजू क्वचितच ऐकू येते. ही मर्यादा शायरीच्या परंपरेचीच आहे आणि भाऊसाहेब तिच्या फारसे पलीकडे गेले नाहीत. तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवावी लागेल. नकाराचा मान राखणारा प्रेमिक त्यांनी मराठीत उभा केला. बोलावले नाही तिथे जायचे नाही, या त्यांच्या भूमिकेत स्वतःचा स्वाभिमान आहे, तसाच समोरच्याच्या इच्छेचा आदरही आहे. एकतर्फी प्रेमाच्या नावाखाली मुलींचा पाठलाग होतो आणि त्याचे शेवट वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तांत वाचावे लागतात, त्या काळात या भूमिकेचे मोल अधिकच जाणवते.

दाद आणि दोस्त

लेखनाविषयीची भाऊसाहेबांची दृष्टीही याच स्वभावातून आलेली आहे. शायर हा कोणी उपदेशक किंवा महात्मा आहे, असा आव त्यांनी आणला नाही. ऐकणाऱ्याला ते दोस्त म्हणून हाक मारतात, आणि या हाकेत त्यांची सारी काव्यदृष्टी सामावलेली आहे. दोस्ताला कोड्यात बोलून चालत नाही. त्याच्यापुढे पांडित्य मिरविण्यातही अर्थ नसतो. म्हणून त्यांची भाषा बोलण्याच्या जवळ राहते. वृत्ताची शिस्त असते, पण समोर बसून कोणी गप्पा मारीत आहे, असे वाटावे इतकी ती सहज असते. आपण जे सांगतो, ते ऐकणाऱ्याला त्याचे स्वतःचेच वाटले पाहिजे, या कसोटीवर त्यांनी आपली शायरी घासून पाहिली.

शायर म्हणून त्यांचे नाव झाले ते प्रौढ वयात. त्यांच्या मैफली त्यांनी एकट्याने रंगविल्या. वाद्यांची साथ नाही, गळ्याची करामत नाही. हाती फक्त शब्द आणि ते कधी थांबवायचे याचे भान. उर्दू मुशायऱ्यात दाद देण्याची एक रीत असते. मराठी श्रोता तोवर कविता मुकाट्याने ऐकून शेवटी टाळ्या वाजवीत असे. प्रत्येक ओळीला मान डोलावणारा, पुन्हा म्हणा असा आग्रह धरणारा श्रोता घडविण्यात भाऊसाहेबांच्या मैफलींचा वाटा मोठा आहे.

त्यांच्याच पिढीच्या मागोमाग शेजारच्या अमरावतीतून सुरेश भट पुढे आले. १५ एप्रिल १९३२ रोजी जन्मलेल्या भटांचा ‘रूपगंधा’ हा संग्रह १९६१ मध्ये, ‘रंग माझा वेगळा’ १९७४ मध्ये आणि ‘एल्गार’ १९८३ मध्ये आला. मतला, काफिया, रदीफ यांचे नियम काटेकोर पाळणारी गझल त्यांनी मराठीत रुजविली आणि तिचा पुढे मोठा परिवार झाला. भाऊसाहेबांची शायरी या नियमांत पूर्णपणे बसत नाही. त्यांनी कधी दोन, कधी चार ओळींत, एका विषयाभोवती रचना केल्या. त्यामुळे गझलेच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण पुष्कळदा एका वाक्यात आटोपले जाते. वास्तविक दोघांचे काम परस्परांना पूरक आहे. मराठी कान शेर ऐकायला तयार झाला नसता, तर गझलेची वाट अधिक बिकट झाली असती.

यवतमाळने दोन वेळा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविले. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, तर २०१९ मध्ये अरुणा ढेरे. या दोन संमेलनांच्या मधल्या काळात यवतमाळचा हा शायर पुस्तकांपेक्षा लोकांच्या तोंडी अधिक राहिला. लग्नसमारंभात, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत, निवृत्तीच्या निरोप समारंभात सूत्रसंचालक त्यांच्या ओळी बेधडक वापरतात. मोबाइलवरून त्या या गावातून त्या गावात पोहोचतात. त्यातल्या पुष्कळ ओळींखाली भाऊसाहेबांचे नाव नसते, तर कधी भलत्याचेच असते.

लोककवीच्या वाट्याला येणारे हे भाग्य आहे, असे म्हणून समाधान मानता येईल. पण ज्याने आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही, त्याचे देणे त्याच्या नावावर जमा करणे, ही वाचकांची आणि सूत्रसंचालकांची जबाबदारी ठरते. पुढच्या वेळी एखाद्या मैफलीत मृत्यूची टिंगल करणाऱ्या किंवा इश्कात ताठ मानेने उभ्या राहणाऱ्या मराठी ओळी कानावर पडल्या आणि सभागृहातून आपसूक दाद गेली, तर त्या कोणाच्या, हे विचारून घ्यावे. बहुधा उत्तर यवतमाळचेच असेल.