दोन्ही कुळांची लेक

गेल्या डिसेंबरात माझी भाची अमेरिकेहून आली होती. सोबत तिची बारा वर्षांची लेक. या लेकीचे बाबा तिकडचे, कृष्णवर्णीय अमेरिकन. वर्ध्याला आलं की पवनारला एक चक्कर मारायचीच, हा आमच्या घरचा शिरस्ता. धाम नदीकाठच्या खडकांवर बसलो होतो. बोरं विकणाऱ्या एका बाईंनी पोरीच्या दाट कुरळ्या केसांकडे बघत मला विचारलं, की ही पोट्टी कोणाची, कुठली? माझी नात, म्हटलं. तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. शेवटी पोरीनेच मोडक्यातोडक्या मराठीत सांगून टाकलं, की आई वर्ध्याची, बाबा अमेरिकेचे आणि मी दोघांची. बाईंनी मूठभर बोरं जास्तीची घातली आणि विषय संपवला.

माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. भाची सांगत होती, तिकडेही प्रश्न हाच असतो. लोकांना एकच उत्तर हवं असतं. तेव्हा मला आठवली ती सोळाशे वर्षांपूर्वीची एक बाई. पवनारच्या याच मातीशी तिचं नाव जोडलेलं आहे आणि आपण कोण, हे तिने चक्क तांब्यावर कोरून ठेवलं आहे. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता!

शाळेच्या पुस्तकात ती आपल्याला एका ओळीत भेटते. दुसऱ्या चंद्रगुप्ताची, म्हणजे विक्रमादित्याची मुलगी आणि वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची पत्नी. कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी बायको. पण तिची खरी गोष्ट तिच्या आईपासून सुरू होते.

तिची आई कुबेरनागा. ही नाग राजकुळातली. प्रभावतीचे आजोबा म्हणजे समुद्रगुप्त. त्याने ज्या राजांची राज्यं मुळापासून उखडली, त्यांची यादी अलाहाबादच्या स्तंभावर कोरलेली आहे आणि त्या यादीत गणपतिनाग, नागसेन अशी नाग राजांची नावं आहेत. त्याच समुद्रगुप्ताच्या घरात नागांची लेक सून होऊन आली. जिंकणाऱ्यांचं रक्त आणि हरलेल्यांचं रक्त, दोन्ही प्रभावतीच्या अंगात होतं. खुद्द समुद्रगुप्तही लिच्छवींच्या लेकीचा, कुमारदेवीचा मुलगा. तेव्हा गुप्तांचं कूळ तरी एकरंगी कुठे होतं?

चौथ्या शतकाच्या अखेरीस तिचं लग्न होऊन ती विदर्भात आली. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन. सासर ब्राह्मण, विष्णुवृद्ध गोत्राचं. माहेरचं गोत्र धारण. सासरची परंपरा शिवभक्तीची, ही विष्णूची भक्त. मुलगी सासरी आली की गोत्र बदलतं, हे आपल्याकडे आजही गृहीत असतं. प्रभावतीने ते बदललं नाही. लग्नाच्या कुठल्या प्रकारात गोत्र बदलतं आणि कुठल्यात नाही, यावर अभ्यासकांनी बराच खल केला आहे. कारण काहीही असो, ती आयुष्यभर धारण गोत्राचीच राहिली आणि तसं तिने लिहूनही ठेवलं.

संसार फार काळ टिकला नाही. रुद्रसेन लवकर गेला. मुलं लहान होती. थोरला दिवाकरसेन युवराज, पण गादीवर बसायच्या वयाचा नव्हता. मग राज्याची सूत्रं प्रभावतीने हातात घेतली आणि किमान १३ वर्षं राज्य चालवलं. त्या तेराव्या वर्षीचा तिचा ताम्रपट पुण्यात मिळाला, म्हणून तो पुणे ताम्रपट म्हणून ओळखला जातो. कार्तिक शुद्ध द्वादशीला, म्हणजे आपल्या प्रबोधिनी एकादशीचा उपास सोडायच्या दिवशी, तिने एका आचार्याला गाव दान दिलं. दंगुण हे त्या गावाचं नाव. वा. वि. मिराशींनी ते वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटशी जोडलं आहे.

हा ताम्रपट मला फार बोलका वाटतो. त्याच्या मुद्रेवर ती युवराजाची आई म्हणून हुकूम देते. राज्य वाकाटकांचं आहे, त्यामुळे बाहेरची ओळख सासरची. आत मात्र वंशावळ आहे ती माहेरची, गुप्तांची. घटोत्कचापासून सुरू होऊन चंद्रगुप्तापर्यंत. त्यानंतर ती आपली ओळख सांगते. गोत्र धारण. जन्म नागकुळातल्या कुबेरनागेच्या पोटी. आपण दोन्ही कुळांना भूषण आहोत, असंही ती सांगते. मग वाकाटक राजाची पट्टराणी आणि युवराजाची आई. बाप, आई, नवरा, मुलगा, सगळे त्यात आले. कुणाला गाळलं नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? पण विचार करा. सम्राटाची मुलगी एवढं सांगूनही तिचं भागलं असतं. आजोबांनी ज्यांना धुळीला मिळवलं, त्या नागांचं नाव घ्यायची तिला काय गरज होती? तरी तिने ते घेतलं. आपल्या नागपूरकडच्या भागात नाग या शब्दाला केवढा अर्थ आहे, हे वेगळं सांगायला नको. १९५६ साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा दिल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या भूमीचं नातं नाग लोकांशी सांगितलं होतं.

पुढे दिवाकरसेनाचं नाव इतिहासात पुन्हा दिसत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तिचा आणखी एक ताम्रपट मिळाला. त्यात ती दामोदरसेन आणि प्रवरसेन यांची आई म्हणून येते. थोरल्याचं काय झालं असेल, हे आईच्या त्या न बोलण्यातूनच समजून घ्यायचं. तोवर धाकट्या प्रवरसेनाला गादीवर बसून १९ वर्षं झाली होती. मुलगा कर्ता झाला, तरी आईच्या ताम्रपटातली वंशावळ गुप्तांचीच राहिली. अलीकडे २०१५ ते २०१८ मध्ये नगरधनला उत्खनन झालं, तेव्हा मातीची एक मुद्रा सापडली. तिच्यावर शंख आणि ब्राह्मी लिपीत प्रभावतीचं स्वतःचं नाव आहे.

याच प्रवरसेनाने प्रवरपूर नावाची नवी राजधानी वसवली. ते प्रवरपूर म्हणजेच आपलं पवनार, असं मिराशींचं मत. काही पुरातत्त्वज्ञ रामटेकजवळच्या मनसरकडे बोट दाखवतात, तो वाद चालूच आहे. पण १९६७ साली नागपूर विद्यापीठाने पवनारला उत्खनन केलं आणि गावाचं जुनेपण उजेडात आलं. विनोबा १९३८ साली इथे राहायला आले. त्यांच्या आश्रमाच्या जमिनीत खणताना रामकथेची शिल्पं निघाली. त्यातली भरत-रामाच्या भेटीची मूर्ती आजही आश्रमात पाहायला मिळते. ही शिल्पं प्रवरसेनाने आईसाठी बांधलेल्या राममंदिरातली असावीत, असं मिराशींना वाटे. १९५९ साली विनोबांनी तिथेच बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं. गंमत बघा, आईची आठवण सांगणाऱ्या त्या जागी पुढे बायकांनी स्वतःच्या बळावर आश्रम चालवला.

आता दुसरी बाजू. प्रभावतीने स्वतःबद्दल जे सांगितलं, त्यावर लोकांनी तिला राहू दिलं का? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात वेगवेगळ्या वर्णांच्या आईबापांच्या मुलांना वेगवेगळी नावं देऊन ठेवली आहेत. अंबष्ठ, सूत, मागध, निषाद… जणू प्रत्येकासाठी एक डबा. विसाव्या शतकातले इतिहासकारही मागे नव्हते. हिच्या धारण गोत्रावरूनच कुणी गुप्तांना जाट ठरवलं, तर कुणी ब्राह्मण. नावावरून वैश्य म्हणणारे आहेत आणि क्षत्रिय म्हणणारेही. इंग्रज तर आणखी पुढे गेले. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख रिस्ले याने नाकाची लांबी-रुंदी मोजून हिंदुस्थानातल्या लोकांचे वंश पाडले आणि मराठी माणसांना शक-द्रविड मिश्रण ठरवून टाकलं! अमेरिकेत तर जनगणनेच्या फॉर्मवर एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करायची मुभा २००० साली पहिल्यांदा मिळाली. त्या वर्षी ६८ लाख लोकांनी तशी खूण केली. म्हणजे तोवर या सगळ्यांना आईला किंवा बापाला, कुणाला तरी वगळावं लागत होतं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. प्रभावती राणी होती. दोन्ही कुळं राजांची, म्हणून ती मिरवता आली. ज्या साध्यासुध्या बाईच्या मुलांना मनूने डब्यात बसवलं, तिच्यासाठी कुणी ताम्रपट कोरला नाही. आपल्याकडे आजही आंतरजातीय लग्न केलेल्या बाईला मुलाच्या दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात. मुलाची जात बापाची, हेच गृहीत धरलं जातं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे गृहीतक पक्कं नव्हे. मूल आईच्या समाजात वाढलं असेल, तर ते पुराव्याने दाखवता येतं. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव लिहिणं सक्तीचं झालं. प्रभावतीने कुबेरनागेचं नाव लिहिलं त्याला तोवर सोळाशे वर्षं होऊन गेली होती.

परत जायच्या आदल्या रात्री मी नातीला ही सगळी गोष्ट सांगितली. तिला राणीच्या राज्यापेक्षा आजोबांनी आईच्या माणसांना हरवलं, यातच जास्त रस होता. तिने विचारलं, की मग त्या राणीला आजोबांचा राग यायचा का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताम्रपटात राग नाही आणि लाजही नाही, एवढंच मी तिला सांगू शकले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग वहीच्या मागच्या पानावर तिने आधी आईचं नाव लिहिलं, मग बाबांचं, आणि खाली स्वतःचं. नावं देवनागरीत होती, काना-मात्रा चुकलेल्या. मी काही दुरुस्त केलं नाही.