दर्याचे सरखेल कान्होजी आंग्रे

खानदेशातून समुद्र दिसत नाही. मात्र खानदेशची तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते आणि सतराव्या-अठराव्या शतकात तिच्याच खोऱ्यातून बऱ्हाणपूर ते सुरत हा हमरस्ता वाहत होता. चोपडा, थाळनेर, शिंदखेडा, नंदुरबार, नवापूर ही त्या रस्त्यावरील मुक्कामांची नावे परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवली आहेत. येथील कापडासाठी इंग्रज कंपनीने १६७०च्या दशकात धरणगावला वखार घातली होती. बैलांच्या पाठीवरून गेलेला हा माल सुरतेत जहाजावर चढला, की पुढे त्याचा वाली कोण, हा प्रश्न मात्र मोगलांना कधीच नीट सोडविता आला नाही. बऱ्हाणपुरापासून सुरतेपर्यंत हुकूम चालविणाऱ्या बादशाहीजवळ स्वतःचे भक्कम आरमार नव्हते. ते काम तिने जंजिऱ्याच्या सिद्दीकडे सोपविले आणि त्याचा खर्च सुरतेच्या उत्पन्नातून भागविला. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज परवाने विकत, इंग्रज आपल्या तोफांवर विसंबून असत. अशा या दर्यावर एक मराठा सरदार उभा राहिला आणि तीस वर्षे त्याने कोणालाही तेथे निर्धास्तपणे वावरू दिले नाही. सरखेल कान्होजी आंग्रे हे त्यांचे नाव. ४ जुलै हा त्यांचा स्मृतिदिन.

कान्होजींचे घराणे मूळचे संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे आडनाव पडले. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या आरमारात चाकरीस होते. कान्होजींचा जन्म १६६९च्या सुमाराचा मानला जातो. त्यांचे बालपण हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. कोळी-भंडाऱ्यांच्या संगतीत वारा, भरती-ओहोटी आणि खडकांच्या वाटा त्यांनी शिकून घेतल्या. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार सिद्दीला फितूर झाल्याचे कळताच तरुण कान्होजींनी त्याला बाजूला सारून किल्ला राखला, अशी परंपरागत हकिकत आहे. तिच्यातील तपशिलांविषयी मतभेद असले, तरी ऐन पडत्या काळात हा किल्ला मराठ्यांकडे राहिला आणि कान्होजींचे नाव पुढे आले, हे खरे.

तो काळ बिकट होता. १६८९मध्ये संभाजी महाराजांचा अंत झाला, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. किनाऱ्याला पैसा पुरविण्याची ताकद कोणातच राहिली नव्हती. आरमारप्रमुख सिधोजी गुजर यांच्यामागे १६९८मध्ये सरखेलपद कान्होजींकडे आले, ते अशा रिकाम्या खजिन्यासह. जहाजे बांधायची, खलाशांना पोसायचे, तोफा मिळवायच्या आणि हे सर्व दर्यातूनच वसूल करायचे, अशी त्यांची स्थिती होती. त्यांच्या पुढील सर्व धोरणाचे मूळ येथे सापडते.

गुराब आणि गलबत

कान्होजींच्या आरमाराचा कणा दोन प्रकारच्या जहाजांचा होता. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे जहाज. साधारण दीडशे ते तीनशे टन भाराचे, मध्यभागी रुंद आणि टोकाकडे निमुळते होत जाणारे. त्याच्या बाजूंना तोफा असतच. पण खरी जबर मारा करणारी तोफ नाळेवर, थेट समोर तोंड करून बसविलेली असे. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचे. चाळीस-पन्नास वल्ह्यांवर ते वारा नसतानाही पळे आणि उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडात सहज शिरे.

या दोहोंची जोडी लावण्यात खरे कसब होते. इंग्रजांची जहाजे मोठी, खोल बुडणारी आणि दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा असलेली. त्यांच्या कुशीसमोर जाणे म्हणजे मरण. म्हणून कान्होजींचे लोक शत्रूच्या पिछाडीला जात, कारण तेथे तोफा थोड्या असत. वारा पडला की गलबते दोर लावून गुराबांना ओढत नेत. शिडावर अवलंबून असलेले शत्रूचे जहाज त्या वेळी जागीच अडकलेले असे. पहिला मारा डोलकाठ्या, शिडे आणि दोरखंडांवर होई. जहाज पांगळे झाले, की चोहोबाजूंनी गलबते भिडत आणि शेकडो माणसे तलवारी घेऊन वर चढत. जहाज बुडविण्यात त्यांना रस नव्हता. ते मालासह हाती हवे असे.

आजच्या युद्धनौकांशी याची तुलना करण्याचा मोह होतो. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि २०२१मध्ये नौदलात दाखल झालेली आयएनएस विशाखापट्टणम ही विनाशिका सुमारे १६३ मीटर लांब आणि सात हजारांहून अधिक टनांची आहे. तिच्यावरील ब्राह्मोस क्षेपणास्त्र क्षितिजापलीकडचे लक्ष्य गाठते. टन मोजण्याची रीत त्या काळी वेगळी होती, हे धरले तरी गुराब तिच्यापुढे होडीच ठरेल. तुलना करायची तर ती १९७१च्या डिसेंबरमधील क्षेपणास्त्र नौकांशी करावी. कराचीवर हल्ला करणाऱ्या त्या नौका लहान, वेगवान आणि थोड्या पल्ल्याच्या होत्या. त्यांना मोठ्या नौकांची सोबत द्यावी लागली; पण मारा मात्र त्यांनी आकाराच्या कितीतरी पट केला. थोड्या खर्चाची नौका योग्य जागी, योग्य वेळी आणून ठेवायची, हा हिशेब दोन्हीकडे एकच होता.

जागा आणि हंगाम

कान्होजींची जहाजे कोठे उभी असत, हे नकाशावर पाहिले म्हणजे त्यांच्या योजकतेची कल्पना येते. उत्तरेस अलिबागचा कुलाबा आणि मुंबई बंदराच्या तोंडाजवळची खांदेरी, मध्ये सुवर्णदुर्ग, दक्षिणेस वाघोटण खाडीच्या मुखावरचा विजयदुर्ग. मुंबईहून दक्षिणेकडे निघालेल्या गलबताला या प्रत्येक ठाण्यासमोरून जावे लागे. खांदेरीवरून मुंबईच्या जहाजांची ये-जा डोळ्यांनी दिसे. विजयदुर्गची खाडी खोल आणि आडवळणी असल्याने तेथे जहाजे वाऱ्यापासून आणि शत्रूपासून सुरक्षित राहत. मोठे आरमार एकाच ठिकाणी न ठेवता ते तुकड्यांनी विखुरलेले असे. त्यामुळे एका ठाण्यावर हल्ला झाला, तरी सगळे काही पणाला लागत नसे.

हंगामाचेही गणित होते. पावसाळ्यात दर्या बंद. जहाजे किनाऱ्यावर ओढून घ्यायची, तळ खरवडायचा, फळ्या बदलायच्या, शिडे शिवायची. नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत होऊ लागला, की ठाणी पुन्हा जागी होत. दिवसाच्या प्रहरांचाही उपयोग होता. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यावर परत बंदर गाठायचे, हा कोकणच्या नाखव्यांचा नित्यक्रम. कान्होजींनी त्याचे युद्धशास्त्र केले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे आरमार किनाऱ्याचे होते. खोल समुद्रात, मोसमी वाऱ्यात महिनोन्‌महिने राहण्याची क्षमता त्यात नव्हती. युरोपियांना किनाऱ्यावर येऊ न देणे कान्होजींना साधले. त्यांना महासागरात अडविण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

चाचा की अधिकारी?

इंग्रजी कागदपत्रांत कान्होजींचा उल्लेख चाचा म्हणून होतो. वस्तुतः पोर्तुगीजांनी दोन शतके आपल्या परवान्याशिवाय हिंदी जहाजांना फिरू दिले नव्हते. कान्होजींनी तोच कायदा मराठ्यांच्या नावाने लागू केला. त्यांचे दस्तक घ्यावे, जकात भरावी आणि निर्धोक जावे; दस्तक नसल्यास जहाज जप्त. छत्रपतींनी नेमलेला सरखेल आपल्या पाण्यावर हा हक्क बजावीत होता. अर्थात ज्या व्यापाऱ्याचा माल पकडला जाई, त्याला हा भेद समजावून घेण्याचे कारण नव्हते आणि जप्तीचा वाटा हेच खलाशांचे वेतन असल्याने शंकास्पद प्रसंगी निर्णय कोणत्या बाजूने लागे, हे उघड आहे.

१७१२मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौका पकडली. कारवारच्या वखारीचा नवा प्रमुख टॉमस चाऊन या झुंजीत ठार झाला. त्याची पत्नी कैद झाली आणि ३० हजार रुपये भरल्यावर तिची सुटका झाली. इंग्रजांनी कान्होजींशी तह केला तो त्यानंतर.

लांबकानीपासून कुलाब्यापर्यंत

कान्होजींच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या पेचाचा एक धागा धुळे जिल्ह्यात सापडतो. १७०७मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटलेले शाहू महाराज नर्मदा ओलांडून खानदेशात आले आणि लांबकानी येथे त्यांचा मुक्काम पडला. परसोजी भोसल्यांसारखे सरदार तेथे त्यांना मिळाले. मराठी राज्याचे दोन पक्ष झाले. कान्होजी ताराराणींच्या पक्षाचे. कठीण काळात त्यांना पाठबळ देणाऱ्या ताराराणीच होत्या. १७१३मध्ये शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे चालून आले, तेव्हा कान्होजींनी त्यांनाच कैद केले आणि लोहगड घेतला. सातारा आता दूर नव्हता.

या प्रसंगी शाहूंनी श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना पेशवेपद देऊन बोलणीसाठी पाठविले. दोघेही कोकणचे, एकमेकांना ओळखणारे. बाळाजींनी लढाई टाळली. १७१४मध्ये समेट झाला. कान्होजी शाहूंच्या बाजूस आले. त्यांचे सरखेलपद कायम झाले आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली. जुनी निष्ठा सोडल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवता येईल. परंतु कोकणात सिद्दी आणि पाठीवर साताऱ्याची फौज, अशा कात्रीत आरमार टिकले नसते, हेही तितकेच खरे. बाळाजी विश्वनाथांचेही हात मोकळे झाले. १७१९मध्ये त्यांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्या सहांत खानदेश होता.

चार स्वाऱ्या, चार अपयशे

१७१५च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने शहराला तट घातला, लढाऊ जहाजे बांधली आणि आंग्र्यांचा निकाल लावण्याचे ठरविले. १७१७मध्ये विजयदुर्गावर हल्ला झाला, तो फसला. १७१८मध्ये खांदेरीवर स्वतः बून गेला आणि हात हलवीत परतला. १७२०मध्ये वॉल्टर ब्राऊनच्या हाताखाली पुन्हा विजयदुर्ग. या खेपेस इंग्रजांनी खास तरता तोफखाना बांधून आणला होता, त्याचाही उपयोग झाला नाही. खडकावरचा दुर्ग आणि खाडीत दडलेले आरमार यांना समुद्रावरून डागलेले गोळे पुरे पडत नव्हते.

अखेर १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. ब्रिटनच्या राजाच्या आरमारातील चार युद्धनौका घेऊन कमोडोर मॅथ्यूज हिंदुस्थानात आला होता. सुमारे ६ हजारांचे संयुक्त सैन्य डिसेंबरात कुलाब्यावर चालून गेले. कान्होजींनी साताऱ्याकडे मदत मागितली आणि ती आली. बाजीराव पेशवे आणि पिलाजी जाधव यांची फौज घाट उतरून अलिबागेत पोहोचली. इंग्रजांचा हल्ला तटाखाली मोडला, पोर्तुगीजांची आघाडी घोडदळापुढे ढासळली. खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत भाल्याची जखम झाली. जानेवारी १७२२मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला आणि इंग्रज एकटे पडले. समुद्रावरून आलेल्या शत्रूला किल्ला, आरमार आणि घोडदळ यांनी मिळून परतविल्याचे असे उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात दुर्मीळ आहे. १७२४मध्ये डचांनी विजयदुर्गावर नशीब अजमावले. त्यांचीही तीच गत झाली.

नंतरचा दर्या

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांनी वसविलेल्या अलिबागमध्ये त्यांची समाधी आहे. मागे सहा पुत्र राहिले. थोरले सेखोजी कर्तबगार, पण १७३३मध्ये तेही गेले. मग संभाजी आणि मानाजी यांच्यात तंटा जुंपला. पेशव्यांनी मध्यस्थी करून कुलाबा मानाजींकडे आणि दक्षिणेकडील ठाणी संभाजींकडे अशी वाटणी केली. आरमाराची साखळी मधोमध तुटली. भांडण मिटविण्याचा हा मार्ग सोयीचा होता. आरमाराच्या दृष्टीने तो घातक ठरला.

संभाजींनंतर आलेले तुळाजी शूर होते, पण पेशव्यांना जुमानीत नसत. नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. १७५५मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. एका गोळ्याने खाडीतील जहाजाला आग लागली. दाटीने नांगरलेल्या आरमारात ती पसरत गेली आणि गुराबांचा ताफा जळून खाक झाला. विखुरलेले आरमार एका हल्ल्यात संपत नाही, हे कान्होजींचे सूत्र त्या दिवशी कोणी पाळले नव्हते. तुळाजींची उरलेली वर्षे पेशव्यांच्या कैदेत गेली. वर्षअखेरीच्या सुमारास विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, त्याच्या मोबदल्यात इंग्रजांनी बाणकोट घेतले. पेशव्यांचे आरमार पुढे धुळपांनी सांभाळले. कुलाब्याचे आंग्रे १८४०पर्यंत टिकले, त्या वर्षी कंपनीने औरस वारस नसल्याचे कारण दाखवून ते संस्थान खालसा केले.

मुंबईतील नौदलाच्या जुन्या तळाला स्वातंत्र्यानंतर आयएनएस आंग्रे हे नाव देण्यात आले; ज्या शहराच्या गव्हर्नरांनी त्यांच्यावर एकामागून एक स्वाऱ्या धाडल्या, त्याच शहरात. खांदेरी बेटही आता कान्होजी आंग्रे बेट म्हणून ओळखले जाते आणि २८ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलात आलेल्या पाणबुडीचे नाव आहे आयएनएस खांदेरी.