आकड्यांचे राखणदार

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकातल्या आकड्यांवर लिहावे, हे काही मित्रांना रुचणार नाही. भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमच्या आमगावजवळचेच पदमपूर, असे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. तेव्हा नाटकावर चार ओळी खरडल्या असत्या तर ते अधिक शोभले असते. पण एका चुकीने मला भलत्याच माणसाच्या दारात नेऊन उभे केले.

त्याचे असे झाले. संध्याकाळच्या एका संगणक वर्गात सरांनी वायरशार्क नावाच्या सॉफ्टवेअरने पकडलेले एक पॅकेट आमच्यापुढे ठेवले. उलगडून सांगणारा मजकूर झाकला आणि उघड्या बाइट्सवरून प्रोटोकॉल ओळखा म्हणाले. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पॅकेटच्या मथळ्यातला दहावा बाइट आत कोणता माल आहे ते सांगतो. मी बोट ठेवून मोजले. तिथे ११ होते. तक्त्यात ११ पुढे आवाज वाहून नेणाऱ्या एका जुन्या प्रोटोकॉलचे नाव सापडले, ते ऐटीत वहीत लिहिले. सर हसले. ते अंक सोळाच्या पायावर मांडलेले असतात; तिथले ११ म्हणजे आपले १७, आणि १७ म्हणजे यूडीपी. सगळा वर्ग हसला. आदल्या पॅकेटातले ०६ मी बरोबर ओळखले होते, कारण सहा दोन्हीकडे सहाच! घरी जाताना मात्र एकच प्रश्न डोक्यात घोळत होता : टीसीपीला ६, यूडीपीला १७, आयसीएमपीला १, हे ठरवले कोणी?

शोधता शोधता जॉन पोस्टेल हे नाव हाती आले.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना येथे झाला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ते शिकले आणि १९७४ साली तिथेच डॉक्टरेट मिळवली. १९६९ मध्ये अर्पानेटचे पहिले केंद्र याच विद्यापीठात सुरू झाले, तेव्हा ते तिथे विद्यार्थी होते. लांब दाढी, पायांत सँडल, सुटी मिळाली की डोंगरांत भटकंती, असा एकूण अवतार.

जाळे वाढू लागले तशी एक अडचण उभी राहिली. दोघांनी आपापल्या शोधाला एकच क्रमांक दिला, तर पलीकडच्या यंत्राने पॅकेट कोणाच्या हवाली करावे? आपल्याकडे एकाच गावात दोन शेतांना एकच गट नंबर पडला तर काय होईल, ते कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी सुचवले की सॉकेटचे क्रमांक वाटायला कोणीतरी एकच जण असावा. आणि ते काम त्यांनी स्वतःच्याच अंगावर घेतले. पुढे प्रोटोकॉलचे क्रमांकही त्याच यादीत आले. एका बाइटात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात, म्हणजे जागा मोजक्याच. १९७७ पासून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत बसून त्यांनी ही नोंद सांभाळली. जॉइस रेनॉल्ड्स या त्यांच्या जोडीला होत्या. सप्टेंबर १९८१ मध्ये क्रमांकांची यादी आणि तिच्या पाठोपाठ आयपी, आयसीएमपी व टीसीपी यांचे दस्तऐवज पोस्टेल यांच्या हातून बाहेर पडले. ई-मेल पोचवणाऱ्या एसएमटीपीचा १९८२ चा दस्तऐवजही त्यांचाच.

आपल्या बाजूने नियम कडक पाळायचे, समोरच्याची बारीकसारीक चूक पोटात घालायची, अशी त्यांची शिकवण प्रसिद्ध आहे. (आमच्या सरांनी ती वाचलेली दिसत नाही.) अशा पोटात घातलेल्या चुका साचत जातात, असा आक्षेप पुढच्या पिढीने घेतला, आणि तो मला पटतो.

त्यांच्या चरित्रातले एक प्रकरण मात्र मला अजून नीट पचलेले नाही. जानेवारी १९९८ मध्ये नावांच्या व्यवस्थेची सूत्रे कोणाकडे असावीत यावर अमेरिकेत वाद पेटला होता. पोस्टेल यांनी मूळ सर्व्हर चालवणाऱ्या आठ जणांना ई-मेल पाठवली की यापुढे मूळ यादी आपल्या संस्थेतल्या यंत्राकडून घ्यावी. आठांनी निमूटपणे ऐकले! सरकारी सल्लागार खवळले. पोस्टेल यांनी ती केवळ चाचणी होती असे सांगून सारे पूर्ववत केले. वापरणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. त्यांच्या पाठीशी ना कायदा होता ना फौज. होता तो पंचवीस वर्षांच्या चोख नोंदीने मिळवलेला विश्वास. हा त्यांचा मोठेपणा म्हणावा, की एवढी मोठी व्यवस्था एका माणसाच्या शब्दावर टांगलेली होती याची भीती वाटावी? मला दोन्ही वाटते.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर हे काम पुढे चालवण्यासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. तिची घडी बसण्याआधीच, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर पोस्टेल वारले. वय अवघे पंचावन्न. मित्र विंट सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख त्याच दस्तऐवजांच्या मालिकेत २४६८ क्रमांकाने निघाला, ज्या मालिकेचे संपादन पोस्टेल यांनी जन्मभर केले. आणि योगायोग असा की पुढे वायरशार्क झालेले सॉफ्टवेअर ईथरियल या नावाने प्रथम बाहेर आले तेही १९९८ मध्येच.

परवा वर्गात पुन्हा पॅकेटे पकडली. १७ आले, ६ तर ढिगाने आले, एकदा १ आले. खरे ११ काही आले नाही. तक्त्यात मात्र ते नाव अजून त्याच जागी आहे; तो क्रमांक दुसऱ्या कोणाला दिलेला नाही.